प्रबंध कपाटात, मिश्री घराघरात

माननीय कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
यांस,

प्रभातफेऱ्या आणि ३१ मेच्या तंबाखूविरोधी शपथा होतच राहतील. हे पत्र तंबाखूवरच्या संशोधनाबद्दल आहे आणि ते करणारी माणसे घडवण्याबद्दल.

एमडी किंवा एमडीएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो आणि दंतवैद्यकात तंबाखू हा हमखास विषय. ‘अमुक शहरातील महाविद्यालयीन तरुणांमधील तंबाखूसेवनाचे प्रमाण’. शहर बदलते, बाकी फारसे काही बदलत नाही. ज्याची त्याची प्रश्नावली निराळी, त्यामुळे सांगलीचे आकडे अकोल्याच्या शेजारी मांडता येत नाहीत. परीक्षा झाली की प्रबंध कपाटात आणि डॉक्टर आपल्या दवाखान्यात. त्याच गावात पाच वर्षांनी पुन्हा कोण जातो?

महाराष्ट्राची परंपरा मात्र अशी नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे भौतिकशास्त्र आणि गणिताचे माहेरघर. तिथे (हे अनेकांना खरे वाटत नाही) डॉ. फली मेहता यांचे दंतसंशोधन पथक काम करत होते. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासून केलेला त्यांचा तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रोगी इस्पितळापर्यंत पोचतच नसेल तर त्याची नोंद होणार कुठून? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले, तोंडात न भरणारी जखम आहे का, अंगावर गाठ आहे का, हे विचारत राहिले आणि लोकांना तपासणीला पाठवू लागले.

असे काम बाहेरून आणलेल्या प्रश्नावलीवर होत नाही. श्रीमंत देशांच्या संशोधनाचा भर सिगारेटवर. आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. एखाद्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारा, ती ‘नाही’ म्हणेल, आणि ती खोटे बोलत नाही. ती तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजते, चुरून डबीत भरते आणि सकाळी बोटाने दातांना लावते. चूल पेटताना एकदा, दुपारी काम आटोपल्यावर पुन्हा. ‘दात कशाने घासता?’ म्हटले की मिश्रीची डबी बाहेर येते. याच मिश्रीसह धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते, हे डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासातून २००४ साली दाखवून दिले. त्यासाठी प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करावा लागला. एका भेटीत भरलेल्या फॉर्मांतून हे कधीच कळले नसते.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या अजून सापडतात. बंदीने भाव किती चढला, गिऱ्हाईक कशाकडे वळले? एखाद्या विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी एसटी स्थानकाबाहेरच्या रिकाम्या पुड्या गोळा करून नुसत्या मोजल्या, तरी ते बंदीचे प्रगतिपुस्तक होईल. एवढ्याला परदेशी देणगी लागत नाही. देणग्या येतात, चांगले कामही होते, पण मुदत संपली की शिकवून तयार केलेली मुले पांगतात आणि पुढचा प्रकल्प पुन्हा श्रीगणेशापासून सुरू होतो. जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्येच मान्यता दिली. त्याचे विसावे कलम संशोधकांना प्रशिक्षण द्या असे सांगते. ती जबाबदारी देणगीदारांवर ढकलता येणार नाही.

आपल्या हाती मात्र बरेच आहे. एक सामाईक मराठी प्रश्नावली ठरवा. प्रत्येक महाविद्यालयाला दोन-चार गावे नेमून द्या आणि नव्या तुकडीने त्याच गावांत, शक्यतो त्याच घरांत जावे असा नियम करा. नावे वगळून सगळी आकडेवारी विद्यापीठाने एका जागी खुली ठेवावी. संख्याशास्त्रज्ञ कायम नोकरीवर हवा. प्रबंध बांधायला टाकायच्या आदल्या आठवड्यात शोधायचा माणूस तो नव्हे. आणि तंबाखू कंपन्यांचा पैसा कुठल्याही प्रबंधाला, परिषदेला चालणार नाही, हे लेखी असू द्या.

समिती नेमू नका, अशी हात जोडून विनंती. येत्या प्रवेशाच्या तुकडीपासूनच सुरुवात करा.

आपली नम्र,
दंतवैद्यकाची एक निवृत्त प्राध्यापिका