चाळीस आणि शंभर

युरोपातून भारतात शिकायला आलेला मधुमेही विद्यार्थी येथे इन्सुलिनची कुपी विकत घेतो, तेव्हा तिच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये बहुधा ४० एकके असतात. मायदेशाहून आणलेली सिरिंज मात्र १०० एककांच्या कुपीसाठी आखलेली असते. तिच्या २०च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात ८ एककेच जातात. साखर का चढते, हे त्याला उमगत नाही. उलट, येथील सिरिंज घेऊन ब्रिटनला गेलेला भारतीय विद्यार्थी त्याच रेघेला ५० एकके टोचून घेईल. हा धोका अधिक भयंकर, कारण रक्तशर्करा एकाएकी घसरून माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

ब्रिटनने १९८३ पासून १०० एककांचे प्रमाण स्वीकारले. आपल्याकडे पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० एकके आणि कुपीत बहुतांशी ४०, तीही एकाच दुकानात! आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही बहुतांश इन्सुलिन ४० एककांचीच आहेत. घाईने बदल केल्यास जुन्या सिरिंजांमुळे रुग्णांचा गोंधळ उडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण तो बदल नियोजनपूर्वक करण्याच्या बाजूने जातो, न करण्याच्या नव्हे. कुपी आणि सिरिंज एकाच वेळी बदलणे अशक्य नाही.

तोवर परदेशस्थाने सिरिंज कुपीसोबतच घ्यावी: लाल टोपणाची ४०साठी, नारिंगी टोपणाची १००साठी. ग्लुकोमीटरवर ‘७’ दिसल्यास दचकू नये. मिलिमोलच्या आकड्याला १८ने गुणले की आपले १२६ मिळतात.