दर्शनी भिंतीवर कोणाचा हक्क?

जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या ग्रामविकास विभागाचे एक परिपत्रक जिल्हा परिषदांकडे गेले. कार्यालयांतल्या आणि शाळांतल्या देवदेवतांच्या तसबिरी सन्मानाने उतरवाव्यात, असा त्याचा आशय होता आणि त्याला २००२ सालच्या जुन्याच आदेशाचा आधार होता. जिल्हा परिषदांच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेनेच विरोध केला आणि काही आठवड्यांत परिपत्रक मागे घेतले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये शालेय शिक्षण विभागाने त्याच भिंतींसाठी उलट्या दिशेचा हुकूम काढला. शिक्षकांनी स्वतःचा ए-फोर आकाराचा फोटो वर्गात लावावा, असे त्यात होते. मोहिमेचे नाव ‘आपले गुरुजी’ आणि उद्देश आपल्या जागी भलत्यालाच शिकवायला उभे करणाऱ्यांना आळा घालण्याचा. प्रामाणिकपणे तास घेणाऱ्या हजारो शिक्षकांना तो अपमान वाटला, आणि वाटणारच. एक फोटो उतरवण्याचा हुकूम आणि एक टांगण्याचा हुकूम, दोन्ही मंत्रालयातून निघाले. त्या भिंतीखाली बसून काम करणाऱ्याला आणि त्या भिंतीकडे बघत ताटकळणाऱ्या अर्जदाराला दोन्ही वेळा कोणी काही विचारले नाही.

पंचायत राज व्यवस्थेत काम करणाऱ्या आपल्या वाचकांसाठी हा विषय वरवर किरकोळ आहे. पण मुचकुंदीच्या मुखावरच्या पूर्णगडच्या परिसरातले कोणतेही छोटे सरकारी कार्यालय डोळ्यांपुढे आणा. टेबलाच्या काचेखाली मुलांचे फोटो. कपाटाच्या दारावर गणपतीचे स्टिकर. जवळच्याच पावसचे, म्हणून कुणाच्या तरी टेबलावर स्वामी स्वरूपानंदांची छोटी तसबीर. भिंतीवर राष्ट्रपुरुषांची रांग, तिच्या शेजारी हार वाळलेली देवाची मोठी तसबीर, आणि खाली खिळ्याला एखाद्या ठेकेदाराने नाहीतर स्थानिक पुढाऱ्याने वाटलेले कॅलेंडर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांत हिंदू, मुसलमान आणि बौद्ध वस्त्या एकाच ग्रामपंचायतीत नांदतात, आणि जन्माच्या नोंदीसाठी, घरपट्टी भरायला, दाखल्यासाठी याच खोलीत येतात. हे सगळे फोटो एकाच मापाने मोजायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आजवरच्या नियमांनी फोटो कोणाचा आहे हे विचारले. राष्ट्रपुरुष असेल तर चालेल, देव असेल तर नाही. हा निकष कागदावर सोपा दिसतो आणि कार्यालयात शिरताच अडखळतो. स्वामी स्वरूपानंदांना कोणत्या यादीत घालायचे? गाडगेबाबा संत होते, आणि गावस्वच्छतेचे अभियान शासनाने त्यांच्याच नावाने चालवले. अशी छाननी करायची म्हणजे गटविकास अधिकाऱ्याला धर्मनिर्णय करायला बसवायचे. त्या कामासाठी त्याची नेमणूक नाही, आणि तसा निर्णय त्याने दिला तरी गावात तो टिकणार नाही. आमच्या मते फोटो कोणाचा, याआधी तो कुठे लावला आहे आणि तिथे लावायचे कोणी ठरवले, हे बघितले पाहिजे. टेबल, ड्रॉवर, कपाटाची आतली बाजू ही कर्मचाऱ्याची. अर्जदाराला समोर दिसणारी भिंत, खिडकीची चौकट, फलक आणि प्रवेशद्वार ही कार्यालयाची.

टेबल कर्मचाऱ्याचे का मानायचे, याला केवळ सहानुभूतीचा आधार नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी याची पद्धतशीर चाचणी घेतली. त्यांचा लेख २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण मोकळी खोली दिली, काहींना झाडे आणि चित्रे लावलेली खोली दिली, आणि काहींना तीच झाडे, तीच चित्रे हवी तशी मांडायला सांगितले. मोकळ्या खोलीच्या तुलनेत सजवलेल्या खोलीत काम सुमारे १७ टक्के अधिक झाले, स्वतः मांडलेल्या खोलीत सुमारे ३२ टक्के. चौथा गट आपल्या दृष्टीने सर्वांत बोलका. त्यांना आधी हवे तसे मांडू दिले आणि मग त्यांच्या देखत सगळे पुन्हा बदलून टाकले. खोलीत झाडे होती, चित्रेही होती, तरी वाढलेले काम पुन्हा खाली आले. म्हणजे फायदा चित्रापेक्षा ते लावण्याच्या मुभेतून आला होता. प्रयोग विलायती, कामेही प्रयोगशाळेत दिलेली. आपल्या आवक-जावक विभागाला हे आकडे जसेच्या तसे लागू होतील असा आमचा दावा नाही. पण साहेब बदलले की टेबले रिकामी करण्याचा हुकूम जिथे सुटतो, तिथल्या कर्मचाऱ्यांना या चौथ्या गटाची अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

भिंतीचे गणित निराळे आहे. समोरचा नागरिक तिच्याकडे करमणूक म्हणून बघत नाही. त्याचा कागद आत अडकलेला असतो. भिंत बोलते हे शासनालाही मान्य आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकारी इमारतींतून पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि मंत्री यांचे फोटो उतरतात किंवा झाकले जातात. राष्ट्रपती, राज्यपाल आणि राष्ट्रपुरुष यांचे राहतात. आपल्यातल्या प्रत्येकाने हे काम केलेले आहे, आणि ते एका दुपारीत होते. मतदाराच्या मनावर फोटोचा परिणाम होतो हे त्या दीड-दोन महिन्यांपुरते खरे आणि एरवी खोटे, असे कसे असेल?

यावर एक भारदस्त आक्षेप आहे. इटलीतल्या सरकारी शाळांमधल्या क्रूसाचा खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला होता. २००९ मध्ये निकाल इटलीच्या विरुद्ध लागला, पण २०११ मध्ये मोठ्या पीठाने १५ विरुद्ध २ मतांनी तो फिरवला. भिंतीवरचे चिन्ह स्वतःहून काही शिकवत नाही, कोणाला काही करायला लावत नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. तसबीर कोणाला चावते का, असे आपल्याकडे विचारले जाते ते हेच. चावत नाही, कबूल. पण ग्रामपंचायतीच्या खिडकीशी उभा असलेला माणूस वर्गातल्या विद्यार्थ्यासारखा नुसता ऐकायला आलेला नसतो. आतला माणूस त्याच्याविषयी निर्णय घेणार असतो. दाखला उशिरा मिळाला तर कारण बहुधा सर्व्हर डाऊनचे असते. पण डोक्यावरची तसबीर आपल्या देवाची नाही, हे आठवून तो घरी वेगळेच कारण सांगू शकतो. प्रामाणिक कर्मचाऱ्यावर असा संशय येऊ देणे कर्मचाऱ्याच्याही हिताचे नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा. पूर्णगडच्या किल्ल्याच्या दरवाजावर गणपती कोरलेला आहे, आजूबाजूला सूर्य-चंद्र आहेत. मग आपल्याच कार्यालयांना सोवळे कशाला? तो दरवाजा राज्यकर्त्याचा होता. आपल्या दारावर काय कोरायचे ते त्याने ठरवले आणि आज तो वारसा म्हणून जपायचाच आहे. ग्रामपंचायतीचे दार मात्र सरपंचाचेही नाही आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचेही नाही. देवाचा फोटो समोर असला की हात कचरतो, असेही काहीजण मनापासून सांगतात. तसे होत असेल तर उत्तमच, पण त्यासाठी फोटो कर्मचाऱ्याला दिसायला हवा, अर्जदाराला नव्हे. काचेखालची जागा त्याला पुरते. खंडेनवमीला संगणकाला वाहिलेल्या झेंडूंवर कोणी आक्षेप घेऊ नये. दुसऱ्या दिवशी ते काढावेत आणि पूजा चालू असताना खिडकी बंद ठेवू नये, एवढेच.

या सगळ्या वादात एका फोटोवर कोणी बोलत नाही, तो म्हणजे ठेकेदाराचे कॅलेंडर. देवाच्या तसबिरीने कोणाचे देयक मंजूर होत नाही. पण ज्याच्या कामाची मोजणी करायची, ज्याची निविदा उघडायची, त्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक वर्षभर कार्यालयाच्या भिंतीवर झळकतो, आणि दुसरा ठेकेदार त्याच खोलीत निविदेचा लखोटा द्यायला येतो. तसबिरींवर परिपत्रके निघाली, या फुकटच्या कागदावर निघाल्याचे कोणाला आठवणार नाही. आमच्या मते भिंत साफ करायची तर सुरुवात इथून व्हावी. कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागत नाही, विरोध करायला कोणी उघडपणे पुढे येणार नाही, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे हे पहिल्याच दिवशी गावाला दिसते.

अंमलबजावणी कोणी करायची, ही शंका रास्त आहे. वरून आलेला हुकूम राजकारणाच्या पहिल्या झुळुकीला उडतो, हे २०१७ ने दाखवले. शिवाय तो फक्त एका प्रकारच्या फोटोविषयी असला की ज्याचा फोटो उतरतो त्याला आपल्यालाच वेगळे काढल्यासारखे वाटते, आणि ती भावना पूर्णपणे चुकीची नसते. म्हणून नियम कार्यालयाने स्वतः, लेखी आणि सगळ्या फोटोंना मिळून करावा. दर्शनी भिंतीवर शासनाने ठरवून दिलेल्या राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी, संविधानाची उद्देशिका, सेवांचे दर आणि मुदती, माहिती अधिकाऱ्याचे नाव. खासगी, धार्मिक, पक्षीय, व्यापारी काहीही नाही. टेबलावर कर्मचाऱ्याला हवे ते, फक्त दुसऱ्याला दुखावणारे किंवा कोणाचा प्रचार करणारे नको, आणि वरिष्ठाने त्याला हात लावायचा नाही. उतरवलेल्या तसबिरी ज्याने लावल्या त्याच्या हाती द्याव्यात, अडगळीत टाकू नयेत.

पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. चर्चा होऊ द्या, वाद झाला तर त्याचीही इतिवृत्तात नोंद करा, आणि झालेल्या ठरावाची प्रत आमच्याकडे पाठवा. मंजूर झालेले ठराव आम्ही छापू, आणि फेटाळले गेले तर त्यामागची कारणेही छापू.