शास्त्र आणि व्यवहार : निवृत्त मोटारसायकलीचे दिवे

दिवा लागत नाहीं म्हणजे दिवाच बिघडला, हें अनुमान घाईचें होय. कारण असतां कार्य होतें काय आणि कारण नसतां कार्य होत नाहीं काय, अशी अन्वय-व्यतिरेकाची दुहेरी परीक्षा न्यायशास्त्र सांगतें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अमेरिकेंत पोलिसांची लिलावांत निघालेली कावासाकी घेतली आहे; तिचे जादा दिवे लागत नाहींत, असें तो लिहितो. त्याच्या शंकेस हीच परीक्षा लागू पडते.

हें पोलिसी वाहन 1982 पासून 2005 पर्यंत नेब्रास्का संस्थानांतील लिंकन येथें तयार होत असे. विकण्यापूर्वीं भोंगा, बिनतारी यंत्र व तांबडे-निळे दिवे काढून घेतात. वायरींचीं तुटकीं टोकें मात्र पुष्कळदां आंतच राहतात. नवे पांढरे दिवे त्याच वायरींवर जोडले, कीं घोटाळा सुरू होतो.

प्रथम बॅटरी पाहावी. इंजिन बंद असतां सुमारें 12.6 व्होल्ट भरले पाहिजेत. एकच दिवा लागत नसेल तर बल्बांची अदलाबदल करावी. दोष बल्बाबरोबर गेला तर बल्ब दोषी. जागींच राहिला तर वायर. दोन्ही दिवे बंद असतील तर फ्यूज, स्विच व रिले हे सामाईक भाग तपासावे. स्विच दाबतांच रिलेचा ‘टिक्’ आवाज आला, तर स्विच निर्दोष समजून पुढें शोध करावा. दिवे मिणमिणत असतील तर सांगाड्याशीं केलेली जोड, मेकॅनिक जिला ‘अर्थ’ म्हणतात ती, गंज घासून घट्ट करावी.

फ्यूज वारंवार जळत असेल तर विशेष सावध राहावें. 35 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टांवर सुमारें 6 अँपिअर प्रवाह घेतात. 10 अँपिअरचा फ्यूज त्यांस पुरतो. तो जळतो म्हणून 30 चा बसविणें म्हणजे चोर सांपडत नाहीं म्हणून पहारेकऱ्यास निजविणें होय. वायरींचें जुडगें पेट्रोलच्या टाकीखालून जातें. तेथें वायर वितळली तर आगीचें भय आहेच, शिवाय शेजारची मुख्य दिव्याची वायरहि जळून रात्रीं भर वेगांत रस्ता एकाएकीं दिसेनासा होईल. हँडल वळवितांनाच फ्यूज जात असेल तर त्याच्या मुळाशीं वायर घासली आहे, असें जाणावें. बॅटरीची जोड सोडून तीं तुटकीं टोकें एकेक हुडकावीं व निरनिराळीं गुंडाळून बंद करावीं.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि दिवा लागला, तर उजेड मिळतो, पण कारण कळत नाहीं. आणि कारण न कळलेला दोष फिरून येतो.