शेकडा किती ते नंतर. आधी सांगा, कशाचा शेकडा?



कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकात उभी राहते. ग्रेडर येतो, कापसात यंत्र खुपसतो आणि म्हणतो, "ओलावा बारा टक्के. चार कापले." आपण मान हलवतो. विम्याचा कागद येतो, त्यावर टक्के. दिल्लीहून हमीभाव जाहीर होतो, त्यातही टक्के. आज शेतकऱ्याच्या घरावर दरोडा पडत नाही, टक्का पडतो. तो पडतो, कारण आपण 'किती टक्के' एवढेच विचारतो, 'कशाचे टक्के' हे विचारत नाही.

टक्का म्हणजे शंभरातला एक भाग. ८११० रुपयांचा एक टक्का काढायचा तर शेवटचे दोन आकडे पैसे समजा: ८१ रुपये १० पैसे. चार टक्के हवे तर त्याची चौपट: ३२४ रुपये ४० पैसे. शाळेतल्या पोराला हे येते. अडचण गणिताची नाही, विचारण्याच्या हिमतीची आहे.

पहिला हिशेब काट्यावरचा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव. पुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला भावात एक टक्का घट. १२ च्या वर खरेदीच नाही. आम्ही शेतकी शिकलो आहोत, म्हणून खरे तेच सांगतो: या चार टक्क्यांत लबाडी नाही. आठ टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये ९२ किलो कोरडा माल असतो, बारावाल्यात ८८. पाण्याचे पैसे आम्ही मागत नाही.

लबाडी होते ती एकाच ओलाव्याची कटती दोनदा लावली की. समजा दहा क्विंटल कापूस, भाव ७००० ठरला. सत्तर हजार व्हायला हवेत. व्यापारी म्हणतो, "वजनात पाच टक्के कटती." उरले साडेनऊ क्विंटल. मग हळूच म्हणतो, "माल ओला आहे, भावातही पाच टक्के कमी." भाव झाला ६६५०. हातात पडले ६३,१७५. गेले ६८२५ रुपये, म्हणजे शेकडा पावणेदहा. तोंडाने मात्र तो 'पाच'च बोलला! पाण्याचा दंड एकदा भरू, दोनदा का?

दुसरा हिशेब विम्याचा. एक रुपयातला विमा २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे चालला. २०२५ च्या खरिपापासून पुन्हा संरक्षित रकमेवर टक्क्याने हप्ता आला: ज्वारीला कमाल २ टक्के, कापसाला कमाल ५. म्हणजे ज्वारीची संरक्षित रक्कम हेक्टरी ३०,००० धरली तर हप्ता ६०० रुपयांपर्यंत. आता भरपाईचा टक्का पाहा. मंडळाची ज्वारीची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे आणि यंदा ६ झाली. गावातला कोणीही सांगेल, नुकसान चाळीस टक्के. ३०,००० चे चाळीस टक्के १२,००० होतात. मिळतात किती? जोखीमस्तर ७० टक्के असेल तर १० चे आधी ७ होतात; यालाच उंबरठा उत्पन्न म्हणतात. ७ मधून ६ गेले, राहिला १. सातात एक म्हणजे सव्वाचौदा टक्के. हातात साधारण ४२८५ रुपये. सरासरीही तुमच्या वावराची नाही, साऱ्या मंडळाची. तुमचे वावर करपले आणि मंडळ हिरवे असले, तर शून्य. हप्ता घेताना मात्र पूर्ण रकमेचा टक्का!

तिसरा हिशेब सर्वांत मोठा: 'खर्चाच्या वर ५० टक्के'. स्वामीनाथन आयोगाने २००६ मध्ये ही शिफारस केली. सरकार म्हणते, दिले. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा खर्च क्विंटलला २४६६ धरला, हमीभाव ३६९९. दीडपट बरोबर येते. गुणाकारात चूक नाही. चूक २४६६ मध्ये आहे. त्यात बियाणे, खत, मजुरी आणि घरच्यांची मेहनत आहे. पण स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याज नाही. दुकानदार दुकानाचे भाडे खर्चात धरतो. आमची जमीन काय फुकटची?

शिवाय हा खर्च साऱ्या देशाच्या सरासरीचा. देऊळगाव राजा असो की जळगाव जामोद, कोरडवाहू कापसाचा हिशेब पावसावर आहे. एकरी २५,००० खर्च आला आणि पाच क्विंटल कापूस झाला, तर क्विंटलला ५००० पडले. पावसाने दगा दिला, तीनच क्विंटल झाला, तर ८३३३ पडले. हमीभाव ८११०. कुठे गेला पन्नास टक्के नफा? क्विंटलमागे २२३ रुपये पदरचे गेले, तेही हमीभाव पूर्ण मिळाला तर!

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव ठेवतो. एक: काटापट्टीवर ओलावा, कटती आणि ती वजनातून की भावातून, हे लिहून घेतल्याशिवाय गाडी रिकामी करायची नाही. दोन: मंडळाचे उंबरठा उत्पन्न पेरणीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. तीन: हमीभावाचे ५० टक्के जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरलेल्या पूर्ण खर्चावर मोजले पाहिजेत.

बैठकीला येताना या हंगामाची काटापट्टी आणि विम्याची पावती सोबत आणा. ज्या घरात कॉलेजात जाणारे पोर आहे, त्यालाही आणा. हिशेब तेथेच मांडू, सर्वांसमोर. आणि उद्यापासून कोणीही टक्का उच्चारला की एकच विचारा: कशाचा?