‘काच खाली करा’ म्हणणाऱ्यांना

परवा वरोऱ्याच्या बाजारात एका गृहस्थांनी मला सुनावले. पिकअप ही माल वाहायची गाडी, तिच्या केबिनमध्ये वारा खेळत नाही ही तक्रारच चोचलेपणाची. गरम होते तर काच खाली करा. विदर्भाच्या माणसाला उन्हाची सवय असते. आणि सोयी मागाल तर गाडी महागेल.

काच खाली करण्याचा सल्ला मला फार झोंबला, म्हणून आधी तोच घेतो. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा 46 अंशांवर जातो. माणसाची कातडी असते साधारण 34-35 अंशांची. कातडीहून गरम वारा अंगाला लागला की तो अंग तापवतो. गारवा मिळतो तो घाम वाळेल तेवढाच. त्यात वणी रस्त्यावर पुढे कोळशाचा ट्रक असला, की पाटाळ्याचा पूल येईस्तोवर तोंडावरचा दुपट्टा काळा होतो. खरी मेख तर पुढेच आहे. आमच्या पिकअपचे इंजिन जवळजवळ पायाशी, आणि गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर धड बसत नाही. धावत्या गाडीची काच उघडली की बाहेरचा वारा केबिनमधली हवा ओढून नेतो आणि तिची जागा भरायला त्या फटीतून इंजिनाची धग वर येते. म्हणजे काच उघडून पाय भाजतात.

काच लावून ब्लोअर सुरू केला तर? हवा आत यायला आधीची हवा बाहेर जावी लागते. त्यासाठी मोटारीत मागच्या बाजूला झडपा ठेवतात. आमच्या पिकअपला मागच्या पत्र्यात जाळी आहे, पण ती सीटच्या पाठीने दाबून टाकलेली. ब्लोअर घरघरतो, झोत येत नाही. उच्छ्वासात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट. तिघे दाटीने बसले की डोके जड होते, डोळे मिटू लागतात. आमचा ड्रायव्हर म्हणतो, “भाऊ, काच खाली केली त कोळसा, वर केली त झोप.” ड्रायव्हरला झोप येणे म्हणजे काय, हे महामार्गाकाठच्या गावांना सांगायला नको.

उन्हाची सवय? उष्माघात सवय विचारून येत नाही. महागाई? सीटमागची जाळी मोकळी सोडायला पैसे लागत नाहीत, आखणाऱ्याचे लक्ष लागते.

हा वाद मी पूर्वीही केला आहे. जुन्या बसगाड्यांत इंजिनाचे झाकण ड्रायव्हरच्या मांडीला लागून असे. तेव्हाही एका विद्वानाने मला ऐकवले होते, त्यांना सवय असते. ज्यांना कधी त्या सीटवर बसायचे नसते, त्यांनाच दुसऱ्याची सवय इतकी नेमकी कळते!

आता मागणी. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगले झाले. पण तो नियम मालासकट साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. त्याखालची छोटी पिकअप, छोटा हत्ती, भाजीपाला आणि दूध वाहणारी सारी गाडीशाही त्यातून सुटली. ऊन काही गाडीचे वजन पाहून पडत नाही. या गाड्यांना निदान वारा बाहेर जायची मोकळी झडप, इंजिनाकडच्या पत्र्याला उष्णतारोधक अस्तर आणि घट्ट बसणारे रबर सक्तीचे करा. एसीचे नंतर बोलू.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता माझ्या शेजारच्या सीटवर बसून वणीपर्यंत यावे. भाडे मी घेणार नाही.