जुना कोट : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

नागपूर-भंडारा महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी पुरुषांचे जुने कपडे विकत घेणे ही आजही उजळ माथ्याने सांगण्याची गोष्ट मानली जात नाही. जुने कपडे बोहारणीला घालावेत आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले घ्यावे, इथपर्यंत घराची संमती असते. परंतु त्याच बोहारणीच्या गाठोड्यातून निवडून, धुऊन, इस्त्री करून पुन्हा बाजारात आलेला सदरा किंवा कोट स्वतःच्या अंगावर चढवायचा म्हटले की हात आखडतो. जुना कपडा देण्यात कमीपणा नाही, घेण्यात मात्र आहे, असा या समजुतीचा अर्थ होतो. तिचे खंडन करण्यापूर्वी तिचा पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडणे आवश्यक आहे, कारण दुबळा पूर्वपक्ष उभा करून मिळवलेला जय हा जय नव्हे.

सर्वांत बळकट आक्षेप इतिहासाचा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे, आणि त्याच अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही म्हटले आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ समजला जाई. ज्याला हक्क म्हटले गेले तो वस्तुतः अपमान होता. ज्या नागपूर जिल्ह्यात 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो माणसांनी शुभ्र वस्त्रे परिधान करून धम्मदीक्षा घेतली, त्या जिल्ह्यात ‘दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले आम्ही का घालावे?’ हा प्रश्न केवळ नाक मुरडणारा प्रश्न नाही. त्याच्यामागे पिढ्यांचे दुःख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा नीटनेटका सूट हा त्या दुःखाला दिलेला जवाबच होता, आणि नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात त्यांच्या वापरातील वस्तूंबरोबर त्यांचे कपडेही जिवापाड जतन केले गेले आहेत, ते त्यामुळेच.

हा आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख कशावर आहे हे नीट पाहिले पाहिजे. अपमान कापडाच्या जुनेपणात नव्हता. तो सक्तीत होता. निवड नाकारून, किंमत न मोजू देता, वरून खाली टाकलेले वस्त्र ही उतरण होय. पारखून, घासाघीस करून, रोख पैसे देऊन घेतलेले वस्त्र ही खरेदी होय, आणि खरेदीदार व विक्रेता हे त्या क्षणापुरते का होईना, समान पातळीवर उभे असतात. बौद्ध परंपरेनेच हा भेद फार पूर्वी ओळखला होता. पंसुकूल चीवर, म्हणजे उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून केलेले भिक्षूचे वस्त्र, हे स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत होते. जे मनूने शिक्षा म्हणून लादले तेच तथागताच्या संघात निवडीमुळे प्रतिष्ठेचे झाले. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, उदेन राजा बुद्धांचा शिष्य आनंद याला विचारतो की, दानात मिळालेल्या एवढ्या चीवरांचे तो काय करणार. आनंद सांगतो की ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्षूंना वाटली जातील, जुन्यांची पांघरुणे होतील, पांघरुणांची पुढे जमिनीवरची अंथरुणे व पायपुसणी होतील, आणि अखेरच्या चिंध्या कुटून, मातीत कालवून त्यांनी जमीन लिंपली जाईल. कापडाचा कण वाया न घालवण्याचे याहून चोख शास्त्र शोधूनही सापडणार नाही. वऱ्हाडातील गाडगेबाबांच्या अंगावरील चिंध्यांचा पोशाखही कोणी दिलेली उतरण नव्हती, तर त्यांनी स्वतः पत्करलेला वेष होता.

दुसरा आक्षेप रोगराईचा. 1897 च्या पुण्यातील प्लेगात रोग्यांच्या घरातील कपडे जाळले गेले, आणि परक्याच्या कपड्याची भीती तेव्हापासून अधिकच घट्ट झाली असावी. परंतु खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही, आणि कडक गरम पाणी, विदर्भाचे ऊन व शिवणींवरून फिरवलेली गरम इस्त्री यांपुढे उवांचाही निभाव लागत नाही. भट्टीवरचे धुणे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याने या आक्षेपाला फार काळ थारा देऊ नये.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: नवा कपडा आता स्वस्त आहे, मग जुना कशाला? येथे स्वस्त या शब्दाचा अर्थ तपासावा लागतो. लग्नसराईसाठी घेतलेला आजचा बेताच्या किमतीचा कोट बहुधा फ्यूजिंगचा असतो, म्हणजे त्याच्या छातीच्या कापडाला आतून गोंद लावलेले अस्तर उष्णतेने चिकटवलेले असते. काही धुण्यांनंतर तो गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात. जुन्या शिंप्याने शिवलेल्या कोटात त्या जागी कॅनव्हास, म्हणजे लोकर व घोड्याचे केस यांचे लवचीक कापड, हाताच्या टाक्यांनी अडकवलेले असते, आणि ते वर्षानुवर्षे अंगाचा घाट घेत जाते. हा फरक बाजारात उभ्या उभ्या कळतो. कॉलरच्या खालच्या पल्ल्याचे कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलके ओढावे. मधे तिसरा पदर स्वतंत्र सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे, सगळे एकजीव व कडक लागले तर फ्यूजिंग आहे. मग कोट उलटा करून शिवणीच्या आतले मार्जिन पाहावे. जुन्या शिलाईत ते बोटभर सोडलेले असते, म्हणून कंबर सैल करता येते. नव्या तयार कपड्यात ओव्हरलॉक टाक्यालगत कापड संपलेले असते. आतल्या मार्जिनचा एक धागा विक्रेत्याच्या संमतीने काढून जाळला तर लोकर केस जळाल्यासारखा वास देते, सूत कागदासारखे जळते, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. 1876 साली स्थापन झालेल्या कानपूरच्या लाल इमलीचे किंवा ठाण्याच्या रेमंडचे जुने लोकरी कापड हाती आले तर ते ओळखायला हीच परीक्षा पुरते. मौद्याच्या उन्हाळ्यात कोट कोण घालतो, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की हीच पारख खादीच्या सदऱ्याला आणि भंडाऱ्याकडच्या कोशाच्या उपरण्यालाही लागू पडते, आणि चांगली खादी तर धुण्यागणिक अधिक मऊ होत जाते.

चौथा आक्षेप विणकराच्या पोटाचा आहे, आणि तो अर्धा मान्य केला पाहिजे. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे देशी धंदा बुडवू शकतात. म्हणूनच रवांडाने 2016 साली अशा कपड्यांवरील कर अनेक पटींनी वाढवला, आणि त्याची किंमत म्हणून 2018 मध्ये अमेरिकेने त्या देशाच्या तयार कपड्यांची करमुक्त सवलत काढून घेतली. भारतातही वापरलेल्या कपड्यांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, हे योग्यच आहे. पण शेजारच्या गावातून बोहारणीमार्फत आलेला सदरा हा वेगळा विषय आहे. नागपूरच्या कोष्ट्यांचा हातमाग जुन्या कपड्यांनी थांबवला नाही. 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांनी आणि पुढे यंत्रमागांनी त्याला मागे रेटले. आज जुना कपडा ज्याची जागा घेतो तो हातमागाचा कपडा नसून दोन मोसमांत विटणारा पॉलिएस्टरचा शर्ट आहे. उलट जुन्या कपड्यामुळे रफूगराला आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याला काम मिळते. झिजलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा बसवणे ही एके काळी प्रत्येक शिंप्याला येणारी कला होती, आणि ती मागणीवाचून मरत आहे.

पारखीच्या याच न्यायाने जुन्या कपड्याचे अंध भक्तही दोषी ठरतात. केवळ जुना आहे म्हणून कपडा चांगला ठरत नाही. टेरिकॉटचा जुना शर्ट ‘व्हिंटेज’ म्हणून मोठ्या शहरात चौपट भावाला विकणे ही फसवणूक आहे, आणि त्या भावातला कोणताही वाटा दारोदार फिरून ते गाठोडे जमवणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा बाजारात जुना कोट हाती घेणाऱ्याने आधी खांदा पाहावा, कारण कंबर व बाही दुरुस्त होते, पण मोठा खांदा आणि चुकीचा मुंढा क्वचितच सुधारतो. मग कापड उन्हासमोर धरून कोपराची झीज व कसरीची भोके पाहावीत. भाव सर्वांत शेवटी विचारावा, आणि ठरलेला भाव विक्रेतीच्या हातात पूर्ण मोजावा.