शेजवानातलं हरवलेलं तिरफळ

चायनीजच्या गाडीवर मी खात नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा खातो, हेही ठाऊक आहे. गेल्या मंगळवारी धामणकर नाक्याच्या बाजूला असाच उभा होतो. पोऱ्याने कढई भडकवली, नूडल्स उडवले आणि एका कळकट बरणीतून तपकिरी भुकटी चमचाभर आत लोटली.

‘‘काय रे ते?’’

‘‘चायनीज मसाला, काका.’’

‘‘त्यात असतं काय?’’

‘‘चायनीज.’’

या उत्तराने माझी झोप उडाली. आजवर मी ज्याला चायनीज म्हणून खात आलो, त्यात चीन नक्की किती, हे एकदा बघायचंच म्हणून खरा चिनी मसाला घरी करायला घेतला.

चिनी पंचमसाल्यात चक्रीफूल, लवंग, दालचिनी, बडीशेप आणि सिचुआन मिरी असते. आमच्या डब्यात पहिल्या चारही वस्तू निघाल्या. वाण्याकडची जाड सालीची दालचिनी तर बहुतेक वेळा कॅशियाच असते, म्हणजे चिन्यांचीच. राहिली सिचुआन मिरी. ती मुळात मिरीच नव्हे, लिंबाच्या कुळातलं फळ. लिंबू-संत्र्याच्या झाडांवरचा रोग तिच्यातून येईल या भीतीने अमेरिकेने 1968 पासून 2005 पर्यंत तिची आयात बंद ठेवली होती. सिचुआनचंच नाव वाकवून आपण ‘शेजवान’ केलं, पण आपल्या शेजवान चटणीत लाल मिरची आणि लसूणच. आणि मंचुरियन? ते तर मंचुरियातलं नव्हेच, 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी जन्माला घातलेलं.

तर ती मिरी मी ऑनलाइन मागवली, आणि इथून माझी खरी तक्रार सुरू होते.

निम्म्या देशाचं सामान आमच्या भिवंडीच्या गोदामांत मुक्कामाला असतं. मानकोली, काल्हेर, दापोडे, जाल तिकडे पत्र्याचे डोंगर आणि त्यांच्या पुढ्यात पाठ टेकून उभे कंटेनर. माझं पुडकं निघालं तेही भिवंडीतूनच. पहिल्या दिवशी मोबाइलवर आलं, ‘भिवंडीतून रवाना’. मला वाटलं, संध्याकाळच्या चहाला येईल. दुसऱ्या दिवशी, ‘मार्गात आहे’. कुठला मार्ग? रिक्षाने पंचवीस मिनिटं लागतात, तीही अंजूरफाट्याला अडकलं तर. तिसऱ्या दिवशी, ‘भिवंडी येथे आगमन’. पुडकं गावाबाहेर जाऊन, थोडं जग पाहून परत आलं होतं. चौथ्या दिवशी पोरगा फोनवर म्हणाला, पत्ता सापडत नाही. वऱ्हाळा देवीचा तलाव ज्याला सापडत नाही, त्याला भिवंडीत काय सापडणार? शेवटी मीच चप्पल घालून तलावापर्यंत गेलो.

घरी पुडी फोडली. सौभाग्यवतींनी नाकाजवळ नेली आणि हसायलाच लागल्या. ‘‘अहो, ही तर तिरफळं!’’

त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. वरच्या फळीवरून त्यांनी जुना डबा काढला. माझी चिनी फळं लालसर आणि बारीक, त्यांची थोडी मोठी, काळपट. पण दोन्ही तोंड उघडून बसलेली. आतली काळी चकचकीत बी काढून फेकायची, कामाचं ते फक्त टरफल. दोन्हींतलं एकेक चावून पाहिलं. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जिभेवर मुंग्या, मग ओठ आपले की शेजाऱ्याचे ते कळेना. पुस्तकात शोधलं तर दोघंही झँथॉक्झायलम, सख्खी चुलत भावंडं. चिन्यांनी त्याचा मसाला केला, आमच्या सासुरवाडीने बांगड्याच्या तिखल्यात टाकलं.

पाचही जिन्नस मंद भाजून कांडपवालीकडे नेले. तिच्या दारात लवंगी-बेडगीच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या घेऊन बायका बसलेल्या, सगळ्या शिंकतायत. माझी मूठभर पुरचुंडी तिने उलगडली आणि म्हणाली, ‘‘धणे विसरलात काय हो? आणि एवढ्याशासाठी मी मशीन नाही लावायची.’’ मग घरच्या मिक्सरवर फिरवलं. प्रमाण सांगून ठेवतो : चक्रीफुलं पाच, तिरफळाची टरफलं दोन चमचे, बडीशेप दीड चमचा, लवंगा अर्धा चमचा आणि बोटभर दालचिनी. वापरताना मात्र चिमूटच. मी हौसेने चमचा घातला, तेव्हा कोळंबीला दातांच्या दवाखान्याचा वास आला. दुसऱ्या खेपेला भाजलेल्या मिठात चिमूटभर मिसळून तळलेल्या कोळंबीवर भुरभुरवला. तेव्हा कुणी काही बोललं नाही. ताट मात्र रिकामं झालं.

रात्री वेंगुर्ल्याला फोन गेलाच. पलीकडून सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला : ‘‘तिरफळां इकत घेतल्यानी? आणि ती पण चिन्याची?’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक पिशवी मुंबईच्या बसमध्ये घातली. सकाळी मी ती ठाण्याला उतरवून घेतली. एका रात्रीत आख्खं कोकण ओलांडून आली, ‘मार्गात आहे’ वगैरे काही नाही. आत चांगली किलोभर तिरफळं. एवढ्यांना चीनही पुरायचा नाही. मंडईत बांगडे आलेत का, ते बघून येतो.